मनोविकृत अपराधी आणि शिक्षेचे माप

पुण्याच्या बोलीत 'येरवडा' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. कोणी विक्षिप्तपणे वागू लागला की 'याला येरवड्याला पाठवा' असे आपण थट्टेने म्हणतो. त्या वेळी आपल्या डोळ्यांपुढे मनोरुग्णालय असते. आणि कोणा गुन्हेगारास शिक्षा झाली की 'आता हा येरवड्याची हवा खाणार' असे म्हणतो. तेव्हा आपल्या मनात तुरुंग असतो. दोन्ही संस्था एकाच उपनगरात आहेत, दोहोंच्या भिंती उंच आहेत, आणि दोहोंच्या आत काय चालते याविषयी बाहेरच्या माणसाचे अज्ञान सारखेच आहे. ज्या माणसाच्या हातून घोर अपराध घडला आणि ज्याचे मनही ठिकाणावर नाही, त्याला या दोहोंपैकी कोठे पाठवावे, आणि पाठवावयाचे तर किती काळ, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

मी लोणी काळभोरास राहतो. आमचे गाव पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. राज्य परिवहनाच्या गाड्या रात्रंदिवस येथून जातात आणि त्या गाड्यांच्या चालकांविषयी या रस्त्यावरील गावकऱ्यांस एक प्रकारचा घरोबा वाटतो. म्हणूनच २५ जानेवारी २०१२ रोजी सकाळी पुण्यात जे घडले, ते आम्हांस विशेष लागले. स्वारगेट आगारातील संतोष माने नावाच्या चालकाने, जो मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, आगारात उभी असलेली एक गाडी कोणाचाही हुकूम नसताना बाहेर काढली आणि ऐन गर्दीच्या वेळी शहराच्या रस्त्यांवरून, समोर येईल त्यास चिरडीत, पिटाळली. नऊ माणसे प्राणास मुकली. जखमींची संख्या तिसांच्या वर गेली. बराच वेळ पाठलाग झाल्यावर गाडी थांबविण्यात आली. तिच्यातून जो माणूस उतरविला गेला, त्याचे या नऊ जणांशी कसलेही वैर नव्हते. त्यांतील एकाचीही त्यास ओळख नव्हती.

मग खटला उभा राहिला. पाळी बदलून मागितली असता ती बदलून मिळाली नाही, त्या रागाच्या भरात हे कृत्य केले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. आरोपीच्या मनाचा तोल गेलेला होता, असे बचावाचे म्हणणे होते; पूर्वी त्याच्यावर उपचार केल्याची मनोविकारतज्ज्ञाची साक्षही पुढे करण्यात आली. ती साक्ष न्यायालयास पुरेशी वाटली नाही. एप्रिल २०१३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा ठोठावली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण असे की, अपराध शाबीत झाल्यानंतर 'शिक्षा काय द्यावी' या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घ्यावे लागते, ते येथे रीतसर ऐकलेले नव्हते. खटला तेवढ्यापुरता परत आला, सुनावणी झाली आणि डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा फाशीच झाली. २०१४ साली उच्च न्यायालयाने ती कायम केली. शेवटी ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी काढून तिच्या जागी जन्मठेप दिली.

आता या सात वर्षांत काय बदलले, ते पाहावे. मृतांचा आकडा बदलला नाही. आरोपी कायद्याच्या अर्थाने वेडा होता, असे एकाही न्यायालयाने म्हटले नाही. अपराध सर्वत्र कायम राहिला. बदलत गेली ती केवळ शिक्षा. एवढ्यावरूनच आपल्या ध्यानात यावे की, 'हा दोषी आहे काय?' आणि 'याला शिक्षा किती?' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. चावडीवर बसून बोलताना आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. 'वेडा आहे म्हणे' असे एकाने म्हटले की दुसरा लगेच 'म्हणजे सुटणार!' असे म्हणतो. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेचे ८४ वे कलम असे सांगत असे की, कृत्य करतेवेळी ज्याच्या मनाची अशी विकल अवस्था होती की, आपण करतो आहो त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा बेकायदेशीर आहे, हे जाणण्यास तो असमर्थ होता, त्याचे ते कृत्य अपराध ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि आपल्या पुराणांतील चौऱ्याऐंशीच्या फेऱ्याची आठवण करून देणारा तो आकडा जाऊन तेथे २२ हा आकडा आला. पण शब्द जवळजवळ तेच राहिले.

या कलमाचे मूळ इंग्लंडात सापडते. १८४३ च्या जानेवारीत डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या एका स्कॉटिश लाकूड-कातारी माणसाने लंडनच्या रस्त्यावर एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पिस्तूल झाडले. ड्रमंड हे पंतप्रधान पील यांचे खासगी सचिव होते. सत्ताधारी पक्षाचे लोक आपल्या पाठीस लागले आहेत, असा त्या मारेकऱ्यास भ्रम होता. ज्यूरीने त्याला वेडा ठरवून निर्दोष सोडले. त्यावर इतका गहजब झाला की, उमरावांच्या सभेने न्यायाधीशांना प्रश्न घालून या विषयावरील नियम लिहवून घेतले. तेच नियम आमच्या दंडसंहितेत उतरले. 'सोडले' या शब्दाने मात्र कोणी फसू नये. मॅक्नॉटन पुढे बावीस वर्षे वेड्यांच्या इस्पितळांतच राहिला आणि १८६५ साली तेथेच मेला.

हे दार किती अरुंद आहे, हे समजण्यासाठी आपल्या मुंबई इलाख्यातलाच एक जुना खटला सांगतो. तो १८८६ च्या सुमाराचा आहे आणि वकिलांच्या ग्रंथांतून आजही त्याचा उल्लेख होतो. लक्ष्मण दगडू नावाचा एक मनुष्य तापाने अंथरुणास खिळलेला होता. तापामुळे तो अतिशय चिडचिडा झाला होता. बारीकसा आवाजही त्यास सहन होत नसे. त्याची लेकरे रडू लागली. त्या रडण्याने त्रासून त्याने आपल्याच पोटच्या लेकरांना ठार केले. पुढे त्याने काही लपविले नाही. सारे सरळ कबूल केले. उच्च न्यायालयाने काय ठरविले? तापाने माणूस चिडखोर झाला होता हे खरे. परंतु तो वातात बरळत नव्हता. आपण काय करतो आहो हे त्यास कळत होते; आणि कृत्याचे स्वरूप ज्यास कळते, त्यास त्याची गुन्हेगारीही कळत होती असेच धरले पाहिजे. म्हणून तो खुनाचा अपराधी ठरला.

श्रोतेहो, या निर्णयाशी मी मनातल्या मनात अनेकदा वाद घातला आहे, आणि दर वेळी मी न्यायाधीशांच्या बाजूस परत आलो आहे, निदान पहिल्या प्रश्नापुरता. कारण चिडचिड, निराशा, अपमान, झोपेचा अभाव, यांतल्या प्रत्येकाने दोषातून मुक्ती मिळू लागली, तर कोणाच्याही गळ्यावर सुरी फिरविणाऱ्यास एखादे कारण सापडेलच. दार अरुंदच असले पाहिजे. पण ज्याच्या घरी लेकरे होती आणि ज्याने ती तापात मारली, त्याचा अपराध आणि शेताच्या बांधावरून दबा धरून भावाला मारणाऱ्याचा अपराध हे एकाच मापाचे, असे म्हणावयास माझी जीभ धजत नाही. हा फरक दोषाच्या खात्यात मांडता येत नसेल, तर तो शिक्षेच्या खात्यात मांडला गेला पाहिजे.

या अरुंद दारातून कोणी आत गेलेच नाही, असे नाही. आपल्याच राज्यातील एका पोलीस शिपायाने २४ एप्रिल १९९४ रोजी स्वतःच्या पत्नीला डोक्यात पाटा-वरवंट्याचा दगड घालून मारले. हेतू म्हणून जे पुढे आले ते क्षुल्लक होते: त्याला नोकरी सोडावयाची होती आणि तिला ते पसंत नव्हते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी धरले. 'भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २००२ मध्ये त्या न्यायालयाने त्यास ८४ व्या कलमाचा लाभ दिला. न्यायालयाने पाहिले ते असे की, वडिलांनाही मनोविकार होता. आरोपीवर घटनेच्या आधीपासून संशयग्रस्त छिन्नमनस्कतेचे उपचार चालू होते. कृत्यानंतर तो पळाला नाही किंवा लपला नाही. आणि अटकेनंतर त्याच वर्षी जून ते डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा उपचारासाठी न्यावे लागले होते. घटनेच्या त्या एका क्षणी त्याच्या मनात काय होते, हे कोणी पाहिलेले नसते. मागचे व पुढचे दिवस जोडून त्या क्षणाचे अनुमान करावे लागते. पुराव्याचा भार आरोपीवर असला, तरी तो संभवनीयतेपुरताच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच ठक्कर यांच्या खटल्यात सांगून ठेवले होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बहुतेकांस ती ठाऊक नसते. मनोविकलतेच्या कारणावरून जो निर्दोष ठरतो, तो दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारी येऊन राहतो असे नाही. कृत्य त्याच्या हातून घडले किंवा नाही, हे न्यायाधीशाने निकालपत्रात स्पष्ट लिहावे लागते. आणि घडले असेल तर त्यास सुरक्षित जागी ठेवण्याचा हुकूम होतो, नाही तर, तो नीट सांभाळला जाईल व कोणास इजा करणार नाही असा जामीन देणाऱ्या आप्ताच्या हवाली केले जाते. किंबहुना माझी तक्रार उलट दिशेची आहे. या कोठडीला शिक्षेसारखी मुदत नसते. खटला चालविण्याजोगे मनच ज्याचे नाही, त्याचे तर आणखी हाल होतात. त्याचा खटला तहकूब राहतो आणि माणूस विसरला जातो. आसामातील मचांग लालुंग हा १९५१ साली पकडला गेला आणि २००५ साली सुटला. चोपन्न वर्षे! खटला चालून शिक्षा झाली असती तर ती केव्हाच भोगून संपली असती. दोन येरवड्यांपैकी रुग्णालयाचा येरवडा सौम्य, असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. ज्याचे मन आजारी आहे, पण कलमाच्या अरुंद दारातून जाण्याइतके आजारी नाही, त्याचे काय? अशांची संख्या वेड्या ठरलेल्यांहून कितीतरी मोठी असणार. यांच्यासाठी कायद्यात काय सोय आहे?

चोरी, मारामारी, नुकसान असल्या अपराधांत न्यायाधीशाचा हात बराच मोकळा असतो. 'अमुक वर्षांपर्यंत' असे शब्द तेथे असतात आणि त्या 'पर्यंत'मध्ये दयेला आणि विवेकाला जागा असते. पण खुनाच्या बाबतीत तसे नाही. जुने ३०२ कलम घ्या किंवा नव्या न्याय संहितेचे १०३ घ्या. शिक्षा दोनच: मृत्यू, किंवा जन्मठेप. तिसरी नाही. मी आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. गणिताची रीत बरोबर आणि शेवटची बेरीज चुकलेली, असे उत्तर समोर आले, तर त्यास शून्यही देत नाहीत व पूर्ण गुणही देत नाहीत. मधले काहीतरी द्यावे लागते, आणि ते किती द्यावे याचाच विचार करण्यात परीक्षकाचा खरा वेळ जातो. खुनाच्या खटल्यात मात्र मधले गुणच नाहीत. एका टोकाला मनोविकलतेमुळे पूर्ण निर्दोष. आणि तेथून एक पाऊल अलीकडे आला की थेट जन्मठेप. मनाचा आजार असा टप्प्याटप्प्याने जडतो, चढतो, उतरतो. आणि त्याचे मोजमाप करणाऱ्या काठीवर खुणा दोनच!

इंग्लंडने ही उणीव १९५७ साली भरून काढली. मनाच्या विकृतीमुळे ज्याची जबाबदारी बरीच उणावली आहे, त्याचा खून हा खून न धरता त्याहून हलका मनुष्यवध धरावयाचा, असा कायदा तेथे झाला. आणि मग शिक्षा किती हे ठरविण्यास न्यायाधीश मोकळा झाला. स्कॉटलंडात तर हा विचार त्याच्याही आधीपासून चालत आलेला होता. आम्ही ८४ वे कलम इंग्रजांकडून घेतले. त्यांनी स्वतः त्यात जी दुरुस्ती केली ती घेतली नाही. आपल्या संहितेत अचानक व गंभीर चिथावणीने ज्याचा तोल गेला त्याच्यासाठी अपवाद आहे. दुसऱ्याने शिवी देऊन, डिवचून तोल घालविला तर सवलत. आणि आजाराने घालविला तर सवलत नाही. हा भेद कोणत्या न्यायाचा, ते मला अद्याप उमगलेले नाही.

मग आपल्याकडे मनाच्या आजाराला शिक्षेच्या वेळी काहीच किंमत नाही काय? आहे, पण ती केवळ फासाच्या दोरापुरती. ९ मे १९८० रोजी बच्चनसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, फाशी देणे ही विरळातील विरळ गोष्ट असावी असे सांगताना, ज्या परिस्थितीचा आरोपीच्या बाजूने विचार व्हावा तिचा निर्देश केला. पराकाष्ठेच्या मानसिक क्षोभात अपराध घडणे, आणि मनाच्या दोषामुळे कृत्याचे गैरपण जाणण्याची शक्ती क्षीण झालेली असणे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. मान्यांच्या खटल्यातील शेवटचा बदल मी याच प्रकाशात वाचतो. परंतु मान वाचली की ही दया संपते. जन्मठेपेखाली ती उतरूच शकत नाही.

शिक्षा झाल्यानंतर जो आजार जडतो त्याचा विचार मात्र अलीकडे पुष्कळ झाला आहे, आणि त्यात महाराष्ट्रातील एका खटल्याचा वाटा मोठा आहे. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, फाशीची शिक्षा झालेला कैदी वेडा झाला तर तेवढ्या कारणाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलता येते. पुढे १२ एप्रिल २०१९ रोजी, न्यायमूर्ती रमणा यांच्या पीठाने महाराष्ट्रातील एका कैद्याचा फेरविचार अर्ज ऐकला. १९९९ साली दोन अजाण मुलींवर अत्याचार करून त्यांची हत्या केल्याबद्दल त्याला फाशी झालेली होती. कोणत्याही दृष्टीने पाहिले तरी हा अपराध अंगावर काटा आणणारा. पण इतकी वर्षे फाशीच्या छायेत काढताना त्याला गंभीर मनोविकार जडला होता. न्यायालयाने कसोटी अशी ठेवली: आपणास ही शिक्षा का दिली जात आहे आणि ती कशासाठी आहे, हेच ज्याला आजारामुळे उमजत नाही, त्याला फासावर चढविण्यात शिक्षेचा कोणता हेतू साधतो? म्हणून त्याची फाशी रद्द झाली. मात्र उरलेले सारे आयुष्य, कोणतीही सूट न मिळता, त्याने तुरुंगात काढावे आणि त्याच्या आजारावर सरकारने उपचार करावे, असे ठरले. निकालपत्रात त्याचे नाव छापलेले नाही. 'आरोपी क्ष' एवढेच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजारी माणसाच्या आजाराची वाच्यता करावयाची नाही, असा जो नियम घातला आहे, तो न्यायालयाने इतक्या मोठ्या अपराध्याच्या बाबतीतही पाळला. मला हा बारकावा फार मोलाचा वाटतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या ओठांवर या क्षणी एक प्रश्न आला असेल, आणि तो यावयासच पाहिजे. त्या दोन मुलींचे काय? त्या नऊ माणसांचे काय? सकाळी कामाला, शाळेला, भाजीला निघालेली माणसे परत आली नाहीत. त्यांच्या घरच्यांना मारेकऱ्याच्या मेंदूतील बिघाड समजावून सांगण्याने काय सांत्वन होणार? मी स्वतः अशा घरी जाऊन हे भाषण वाचून दाखवू शकणार नाही. पण त्याच प्रामाणिकपणाने हेही म्हणतो की, त्या घरांचे जे देणे समाजावर आहे, ते आजारी माणसाला अधिक वर्षे कोंडण्याने फिटत नाही. त्यांना नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, शिक्षेच्या सुनावणीत त्यांचेही म्हणणे ऐकले जावे, आणि तो माणूस पुन्हा कोणाच्या जिवावर उठणार नाही याची खात्री त्यांना मिळावी. यातली शेवटची गोष्ट तर उपचारावाचून होणारच नाही. औषध न मिळालेला मनोरुग्ण तुरुंगातून चौदा किंवा वीस वर्षांनी बाहेर पडला, तर तो अधिक सुरक्षित कसा होईल?

दुसरा आक्षेप ढोंगाचा. उद्या प्रत्येक खुनी वेडाचे सोंग आणील, असे म्हणतात. सोंग आणणारे निघतात हे खरे आहे. परंतु सोंग आठ-पंधरा दिवस टिकते; वॉर्डात ठेवून, झोप, खाणे, बोलणे यांची नोंद रोज घेणाऱ्या डॉक्टरापुढे ते महिनोन्‌महिने टिकविणे कठीण. आमच्या वर्गात पोट दुखण्याची सोंगे करणारी मुले असत. म्हणून ज्याचे खरेच दुखते त्याला घरी पाठवावयाचे आम्ही कधी बंद केले नाही.

आणि हेही याच ठिकाणी सांगावयास हवे की, मनाने आजारी असलेला माणूस म्हणजे भावी खुनी, ही समजूत निखालस खोटी आहे. अशी माणसे बहुतेक कोणाच्याही वाटेस जात नाहीत. उलट तीच दुसऱ्यांच्या टिंगलीस, मारास आणि लुबाडणुकीस बळी पडतात. मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे ते त्यांतले अगदी थोडे.

खरी अडचण सोंगाची नाही. ती कागदाची आहे. भोसल्यांच्या खटल्यात उपचाराचे कागद होते म्हणून न्यायालयास मागचे-पुढचे दिवस जोडता आले. आमच्या हवेली तालुक्यात, किंवा कोणत्याही तालुक्यात, अशी किती घरे आहेत की जेथे मनाच्या आजाराचा कागद आढळेल? मुलगा रात्री झोपत नाही, एकटाच बोलतो, जेवणात कोणी विष घालते म्हणून ताट भिरकावतो. घरचे काय करतात? प्रथम 'बाहेरचे झाले' म्हणून देवऋष्याकडे नेतात. उतारे होतात, गंडे बांधले जातात. मग लग्न लावून पाहतात. डॉक्टरकडे नेलेच, तर दूरच्या शहरात, नाव बदलून, आणि परत येताना चिठ्ठी फाडून टाकतात. कारण धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे असते. पुढे दुर्दैवाने त्याच्या हातून काही घडले, तर कोर्टात आई रडून सांगते, 'साहेब, तो पहिल्यापासून असाच आहे.' सरकारी वकील उठून एकच प्रश्न विचारतो: 'याला काही पुरावा?' आई निरुत्तर होते. सरकारी वकिलाचाही यात दोष नाही. आईची साक्ष ही आईचीच साक्ष. ज्याच्या घरी चार पैसे आहेत, ज्याला शहरातला डॉक्टर माहीत आहे, त्याच्या आजाराला न्यायालयात अस्तित्व आहे. गरिबाचा आजार कागदावर नसल्यामुळे तो नसल्यासारखाच. म्हणजे येथे शिक्षेचे माप मनाच्या अवस्थेवर ठरावयाचे सोडून फाईलीच्या जाडीवर ठरते.

न्यायालयांच्या हे ध्यानात आलेले नाही असे नाही. २० मे २०२२ रोजी न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने मध्यप्रदेशातील मनोज यांच्या खटल्यात असे सांगितले की, ज्या खटल्यात फाशीचा संभव आहे, तेथे आरोपीच्या मानसिक स्थितीचा अहवाल, त्याचे घर, शिक्षण, गतायुष्य आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती खालच्या न्यायालयानेच मागवून घ्यावी. ती सारी दिल्लीला पोहोचेपर्यंत थांबू नये. हा उत्तम निर्णय आहे. ज्याला कागद जमविता येत नाहीत, त्याचे कागद जमविणे हे यामुळे सरकारचे काम झाले. पण तो फाशीच्या खटल्यांपुरता. ज्याला जन्मठेपच व्हावयाची आहे, त्याच्यासाठी असा अहवाल कोणी मागवीत नाही. आणि मागवून उपयोग तरी काय, खालची पायरीच नसेल तर?

कायदा बदलतच नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा १८६० पासून अपराध होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले, आणि नव्या न्याय संहितेत तो जुना सरसकट अपराध राहिला नाही. ज्याला पूर्वी पोलीस ठाण्यात बसवीत, त्याची शुश्रूषा करण्याची जबाबदारी आता सरकारवर आली. त्याच कायद्याने आजारी कैद्यांना तुरुंगाच्या किंवा रुग्णालयाच्या मनोविभागात हलविण्याचीही तरतूद केली आहे. एवढी दृष्टी ज्यांना आली, त्यांनी २०२३ साली सारी दंडसंहिता नव्याने लिहिताना खुनाच्या कलमास एक पोटकलम जोडावयास हवे होते. त्यात काय असावे, हे माझ्यासारख्या कायद्याची पदवी नसलेल्या माणसाने सांगणे धाष्टर्याचे होईल, तरी सांगतो. आजाराने जबाबदारी बरीच उणावलेली होती, असे तज्ज्ञांच्या अहवालावरून व साक्षीपुराव्यावरून न्यायाधीशास वाटले, तर जन्मठेपेहून कमी, पण मुदतबंद अशी शिक्षा देण्याचा अधिकार त्याला असावा. त्या मुदतीतला आवश्यक तेवढा काळ मनोरुग्णालयात जावा. दर वर्षी अहवाल न्यायालयापुढे यावा, म्हणजे मचांग लालुंगासारखा कोणी विसरला जाणार नाही. आणि सुटका डॉक्टरच्या एकट्याच्या सहीने न होता न्यायाधीशाच्या हुकुमाने व्हावी. त्या सुनावणीची नोटीस मृतांच्या घरच्यांनाही जावी.

यावर कोणी म्हणेल, इतके अहवाल लिहिणार कोण? शंका रास्त आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्यावर आधीच साऱ्या महाराष्ट्राचा भार आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मनोविकारांचे विभाग आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक आहेत. खुनाच्या प्रत्येक खटल्यात आरोपीला अटकेनंतर पहिल्या काही दिवसांतच अशा एका डॉक्टरापुढे नेऊन त्याची तपासणी नोंदवून ठेवावी. शवाची तपासणी आपण चोवीस तासांत करतो; जखमा सेंटिमीटरांत मोजून लिहितो. तपासणीच्या त्याच रीतीने मारणाऱ्याच्या मनाचीही नोंद तेव्हाच झाली, तर तीन वर्षांनी उभ्या राहणाऱ्या खटल्यात न्यायाधीशापुढे आईच्या अश्रूंखेरीज दुसरेही काही असेल. या कामास नवा कायदाही लागणार नाही. गृहखात्याचे एक परिपत्रक पुरेल.